उघडी खिडकी मॉडेलमध्ये कशी मांडावी: नैसर्गिक वायुवीजनाच्या सिम्युलेशनसाठी नवशिक्यांचे मार्गदर्शन

इमारतीच्या ऊर्जा सिम्युलेशनमध्ये भिंतीचे थर, काचेचे गुणधर्म, दिव्यांचे वॅट हे सगळे कुठल्या ना कुठल्या तक्त्यात सापडते. उघडी खिडकी तक्त्यात सापडत नाही. वारा तासागणिक बदलतो, खिडकी माणसाच्या मर्जीने उघडते-मिटते, आणि आत आलेली हवा पुढे जाणार की नाही हे आतले दार ठरवते. घोडे पेंड खाते ते इथेच. मग बहुतेक जण ‘ताशी ५ हवाबदल’ (म्हणजे खोलीतली हवा तासात ५ वेळा बदलते) असा आकडा टाकून पुढे सरकतात. तो आकडा चुकीचाच असेल असे नाही, पण तो कुठून आला हे सांगता आले पाहिजे.

खालची पद्धत एनर्जीप्लस हे ऊर्जा सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर धरून लिहिली आहे. ते मोफत मिळते, आणि डिझाइनबिल्डर, ओपनस्टुडिओ यांच्या पोटातही तेच इंजिन चालते. दुसरे सॉफ्टवेअर वापरत असाल तर इनपुटची नावे बदलतील, भौतिकशास्त्र तेच राहील. उदाहरणाला शेवटपर्यंत एकच खोली घेऊ: ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ६० घनमीटर.

पायरी १: अचूकता कुठे हवी ते आधी ठरवा

ताशी ५ हवाबदल म्हणजे आपल्या खोलीत तासाला ३०० घनमीटर, अर्थात सेकंदाला ०.०८३ घनमीटर हवा. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा १००५ ज्यूल धरला, तर आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना ही हवा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर नेते.

आता समजा माणसे, यंत्रे आणि ऊन मिळून खोलीत ६०० वॅट उष्णता येते. भिंती काय शोषतात ते क्षणभर बाजूला ठेवा. ताशी २ हवाबदल असतील तर खोली बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी तापेल. ५ असतील तर ६ अंशांनी, १० ला ३, २० ला दीड, आणि ४० ला पाऊण अंश.

या आकड्यांकडे नीट पाहा. २० ऐवजी ४० हवाबदल निघाले, म्हणजे शंभर टक्के चूक झाली, तरी तापमान पाऊण अंशाने हलते. २ ऐवजी ५ निघाले तर ९ अंशांचा फरक. म्हणून वारा भरपूर असलेल्या, आरपार खिडक्यांच्या खोलीवर फार डोके खपवू नका. मेहनत लागते ती पडलेल्या वाऱ्याला, एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोल्यांना आणि अर्धवट उघडणाऱ्या खिडक्यांना.

पायरी २: खिडकीचे खरे मोकळे क्षेत्रफळ काढा

नकाशावर खिडकी १ मीटर × १ मीटर दिसते म्हणून मॉडेलमध्ये १ चौरस मीटर टाकणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक. हवा चौकटीच्या मापातून जात नाही, उघडलेल्या जागेतून जाते.

दोन झडपांची सरकती खिडकी कितीही ढकलली तरी निम्मीच उघडते. म्हणजे इथे ०.५ चौरस मीटर, आणि चौकटीची जाडी वजा केली की त्याहून कमी. कीटकजाळी असेल तर तिच्यातली मोकळी जागा एकूण क्षेत्राच्या किती टक्के आहे ते उत्पादकाच्या माहितीतून घ्या आणि क्षेत्रफळ आणखी कमी करा. वारा मंद असताना जाळीचा अडथळा जास्त जाणवतो, त्यामुळे इथे हात राखूनच धरा.

वरच्या कडेला बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी हिशेबाला थोडी किचकट. १ मीटर × १ मीटरची झडप १५ अंशांनी उघडली, तर खालच्या कडेला उघडणारी फट २ × १ × साइन ७.५° = ०.२६ मीटर रुंद. तिचे क्षेत्रफळ ०.२६ चौरस मीटर. दोन्ही बाजूंना दोन त्रिकोण उघडतात, प्रत्येकी अर्धा × साइन १५°, म्हणजे मिळून आणखी ०.२६. एकूण ०.५२ चौरस मीटर. झडप भिंतीच्या खोबणीत आत बसवलेली असेल तर बाजूचे त्रिकोण खोबणीच्या कडेने जवळपास बुजतात. मग उरतात फक्त ०.२६, म्हणजे नकाशावरच्या मापाचा चौथा हिस्सा.

आता आतल्या दाराचा विचार. हवा खिडकीतून आत, दारातून पुढच्या खोलीत आणि तिथल्या खिडकीतून बाहेर जाते तेव्हा हे तिन्ही अडथळे एकामागोमाग येतात. अशा वेळी परिणामी क्षेत्रफळ काढायची रीत: प्रत्येक क्षेत्रफळाचा वर्ग करून त्याचा व्यस्त घ्या, ते सगळे व्यस्त मिळवा, बेरजेचे वर्गमूळ काढा, आणि १ ला त्याने भागा. दोन खिडक्या १-१ चौरस मीटरच्या आणि मध्ये काही अडथळा नाही, तर उत्तर ०.७१. मधले दार लोटलेले आणि त्याच्या फटी व झरोका मिळून ०.२ चौरस मीटर, तर उत्तर एकदम ०.१९. आता दोन्ही खिडक्या दुप्पट करून पाहा: ०.२०. काहीच फरक पडला नाही. साखळी तिच्या सर्वांत अरुंद कडीवर अडते, म्हणून खिडक्या मोठ्या करण्याचा सल्ला देण्यापूर्वी दाराकडे पाहावे.

पायरी ३: वेदर फाइलमधला वारा खिडकीपर्यंत आणा

वेदर फाइलमधला, म्हणजे ठिकाणाच्या तासागणिक हवामान-नोंदींतला, वारा मोकळ्या मैदानावर, १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. तुमची खिडकी तळमजल्यावर, इमारतींच्या गर्दीत असते. एनर्जीप्लस हा फरक इमारतीच्या परिसराच्या प्रकारावरून, म्हणजे ‘टेरेन’च्या इनपुटवरून, स्वतः दुरुस्त करतो. प्रत्येक प्रकाराला एक घातांक आणि वाऱ्याच्या थराची जाडी ठरलेली आहे: मोकळ्या ग्रामीण भागाला ०.१४ आणि २७० मीटर, उपनगराला ०.२२ आणि ३७० मीटर, दाट शहराला ०.३३ आणि ४६० मीटर.

वेदर फाइलमध्ये सेकंदाला ४ मीटर वारा असेल, तर ३ मीटर उंचीवर तो ग्रामीण भागात सुमारे ३.४ होतो, उपनगरात २.२, आणि शहरात फक्त १.२. यादीतला एक शब्द बदलला की वारा जवळपास तिपटीने इकडचा तिकडे. तरीही कित्येक मॉडेलमध्ये हा शब्द सॉफ्टवेअरने आधी भरून ठेवला होता तसाच राहिलेला असतो.

वाऱ्यामुळे भिंतीवर येणारा दाब = दाबगुणांक × ½ × घनता × वेगाचा वर्ग. वाऱ्याच्या दाबाचा किती भाग त्या भिंतीवर येतो ते दाबगुणांक सांगतो. वाऱ्याकडच्या भिंतीला गुणांक +०.६ आणि मागच्या भिंतीला −०.३ धरला, तर १.२ मीटर वेगाला दोन भिंतींमधला फरक सुमारे ०.७८ पास्कल. हे किती थोडे आहे ते लक्षात घ्या: एक पास्कल म्हणजे पाण्याच्या साधारण एक दशांश मिलिमीटर थराचा दाब. नैसर्गिक वायुवीजन एवढ्याशा बळावर चालते, म्हणून शेजारची इमारत, कुंपणभिंत, गॅलरीचा कठडा, कशानेही ते बिघडते.

आता हाताने गणित करा. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच करा, कारण नंतर आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा मोह होतो.

आरपार वारा, दोन्हीकडे १-१ चौरस मीटर मोकळी जागा: ०.६ हा डिस्चार्ज गुणांक (उघड्या जागेतून जाताना प्रवाह किती घटतो तो आकडा) × ०.७१ चौरस मीटर × √(२ × ०.७८ ÷ १.२) = सेकंदाला ०.४८ घनमीटर. ६० घनमीटरच्या खोलीत ताशी २९ हवाबदल.

एकाच बाजूला खिडकी, १ चौरस मीटर, १ मीटर उंच, वारा बंद, आत-बाहेर ३ अंशांचा फरक: डिस्चार्ज गुणांकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ०.२ × १ × √(९.८१ × १ × ३ ÷ ३००) = ०.०६३ घनमीटर. ताशी ३.८ हवाबदल.

तीच खिडकी, वाऱ्यासह: इथे डी खिड्स आणि फाफ यांनी १९८२ मध्ये मोजमापांवरून मांडलेले सूत्र उपयोगी पडते. ०.००१ × वेदर फाइलमधल्या वाऱ्याचा वर्ग, अधिक ०.००३५ × खिडकीची उंची × तापमानातला फरक, अधिक ०.०१, या बेरजेचे वर्गमूळ काढा आणि त्याला निम्म्या क्षेत्रफळाने गुणा. वारा ४ मीटर, फरक ३ अंश, तर उत्तर ०.०९६ घनमीटर. ताशी ५.७ हवाबदल.

एकबाजू खिडकीच्या तुलनेत आरपार खोलीत खिडक्यांचे क्षेत्र दुप्पट झाले, पण हवा पाचपट. फरक क्षेत्रफळाचा नाही, हवेला बाहेर पडायला वाट आहे की नाही याचा आहे. हवा किती आतपर्यंत जाते याचाही अंदाज घ्या: एकबाजू खिडकीची हवा छताच्या उंचीच्या दोन ते अडीचपट आतपर्यंत पोचते, आरपार वारा पाचपटीपर्यंत. ३ मीटर छताला हे ६ ते ७.५ मीटर आणि १५ मीटर.

पायरी ४: पद्धत निवडा

एनर्जीप्लसमध्ये तीन वाटा आहेत.

पहिली, झोन व्हेंटिलेशन डिझाइन फ्लो रेट. झोन म्हणजे मॉडेलमधली एक खोली किंवा एकत्र धरलेल्या खोल्या. तुम्ही एक प्रवाह देता, आणि सॉफ्टवेअर त्याला शेड्यूलने (वेळापत्रकाने) व चार गुणांकांच्या बेरजेने गुणते: पहिला गुणांक स्थिर, दुसरा तापमानातल्या फरकाला, तिसरा वाऱ्याला, चौथा वाऱ्याच्या वर्गाला. डिफॉल्ट गुणांक १, ०, ०, ०. म्हणजे वारा असो-नसो, प्रवाह तोच. सुरुवातीच्या आराखड्यासाठी, किंवा पंख्याने आणलेल्या हवेसाठी हे चालते. इतरांच्या मॉडेलमध्ये ०.६०६, ०.०३६३६, ०.११७७, ० अशी चौकडी दिसेल; ती ब्लास्ट या जुन्या प्रोग्रामची. ०, ०, ०.२२४, ० ही डीओई-२ या दुसऱ्या जुन्या प्रोग्रामची. दोन्ही फटींतून झिरपणाऱ्या हवेसाठी बनल्या होत्या. दुसरी चौकडी उघड्या खिडकीला लावली तर वारा पडताच हवाबदल शून्य होतो, आणि प्रत्यक्षात तापमानाच्या फरकाने येणारी हवा मॉडेलमधून गायब होते.

दुसरी, विंड अँड स्टॅक ओपन एरिया. ही वाऱ्याचा आणि स्टॅक इफेक्टचा (तापमानाच्या फरकाने वाहणाऱ्या हवेचा) प्रवाह वेगवेगळा काढते, आणि दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेते. वाऱ्याचा प्रवाह = परिणामकारकता × क्षेत्रफळ × वेग. परिणामकारकता आपोआप काढायला सांगितली तर ती समोरून वारा असताना ०.५५ आणि पाठीमागून असताना ०.३० येते.

इथे एक सापळा आहे आणि नवशिके हमखास त्यात पाय घालतात. आपली एकबाजू खिडकी, १ चौरस मीटर, वारा १.२ मीटर समोरून: ०.५५ × १ × १.२ = ०.६६ घनमीटर, म्हणजे ताशी ४० हवाबदल! हातच्या गणिताने आले होते ५.७. सूत्र चुकीचे नाही. हवेला दुसरीकडून बाहेर पडायची वाट आहे असे ते गृहीत धरते. तुमच्या खोलीला मागे खिडकी आहे की नाही हे त्याला माहीतच नसते. एकबाजू खिडकीसाठी परिणामकारकता आपोआप काढू देऊ नका; ब्रिटनच्या बीएस ५९२५ या मानकातला ०.०२५ हा एकबाजू वाऱ्याचा गुणांक हाताने भरा. उंचीच्या फरकाच्या रकान्यात खिडकीची पूर्ण उंचीही टाकू नका. तो रकाना तटस्थ दाबाच्या पातळीपर्यंतचे (जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो तिथपर्यंतचे) अंतर मागतो. एकट्या खिडकीसाठी तिच्या उंचीचा आठवा भाग टाकला की उत्तर वरच्या ३.८ शी जुळते.

उलट बाजूची चूक म्हणजे आरपार खोलीत दोन्ही खिडक्या स्वतंत्रपणे भरणे. सॉफ्टवेअर दोन्ही प्रवाह सरळ मिळवते: ०.६६ आणि ०.३६, एकूण ताशी ६१ हवाबदल, जिथे हाताने २९ आले होते. एकीकडून आत आलेली हवाच दुसरीकडून बाहेर जाते, तिला दोनदा मोजायचे नाही. अशा खोलीत आत येणारी बाजू तेवढी भरा.

तिसरी वाट एअरफ्लो नेटवर्क. यात प्रत्येक झोन हा एक बिंदू, प्रत्येक खिडकी-दार-फट हा दुवा, आणि सॉफ्टवेअर दर टाइमस्टेपला (गणनेच्या वेळेच्या टप्प्याला) सगळ्या बिंदूंचे दाब असे शोधते की आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा जुळली पाहिजे. खोल्यांमधून हवा फिरत असेल, जिना किंवा उंच चौक असेल, किंवा दाराची उघडझाप हाच अभ्यासाचा विषय असेल, तर दुसरा इलाज नाही. एकाच खोलीचा प्रश्न असेल तर नेटवर्क उभारण्यात दिवस घालवायची गरज नसते.

पायरी ५: खिडकी कधी उघडते ते सांगा

वार्षिक निकालावर सूत्रापेक्षा जास्त परिणाम या पायरीचा होतो, आणि सर्वांत कमी वेळ हिलाच दिला जातो.

पहिल्या दोन पद्धतींमध्ये तापमानाच्या मर्यादांचे रकाने असतात. आतल्या किमान तापमानाचा डिफॉल्ट −१०० अंश, आणि आत-बाहेरच्या फरकाचा डिफॉल्टही −१०० अंश. याचा अर्थ मर्यादाच नाही. बाहेर ४० अंशांची झळ आणि आत ३० अंश असले तरी मॉडेलमधली खिडकी सताड उघडी राहते, आणि निकालात नैसर्गिक वायुवीजनाने खोली तापली असे दिसते. शेड्यूल दिले की झाले असे समजू नका, हे रकाने हाताने भरा. सुरुवातीला आतले किमान तापमान २४ अंश आणि फरक १ किंवा २ अंश ठेवून पाहा, म्हणजे बाहेर थंड असेल तेव्हाच खिडकी उघडेल. वाऱ्याच्या कमाल वेगाचा डिफॉल्ट सेकंदाला ४० मीटर आहे. एवढ्या वादळात कोणी खिडकी उघडी ठेवत नाही, तोही खाली आणा.

एअरफ्लो नेटवर्कमध्ये नियंत्रणाचा प्रकार निवडायचा असतो. ‘टेम्परेचर’ घेतला तर झोन बाहेरच्यापेक्षा आणि ठरवलेल्या तापमानापेक्षा गरम असेल, आणि शेड्यूल परवानगी देत असेल, तेव्हाच खिडकी उघडते. अ‍ॅश्रे ५५ या मानकातला अनुकूलक आराम (बाहेरच्या हवामानाप्रमाणे सरकणारे आरामाचे तापमान) हाही पर्याय आहे. त्यात आरामाचे तापमान = ०.३१ × बाहेरचे चालू सरासरी तापमान + १७.८. सरासरी २८ अंश असेल तर २६.५, आणि ८० टक्के लोकांना चालेल अशी वरची मर्यादा त्याहून ३.५ अंश जास्त, म्हणजे ३०. हे सूत्र बाहेरची सरासरी १० ते ३३.५ अंशांच्या दरम्यान असतानाच लागू होते.

थंड सकाळी पूर्ण उघडलेली खिडकी पाच-दहा मिनिटांत खोली गारठवते, मग मिटते, पुन्हा उघडते. आलेखात हे करवतीच्या दातांसारखे दिसते. माणूस असे वागत नाही. तो खिडकी थोडी लोटून ठेवतो. त्यासाठी नेटवर्कमध्ये आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाची खालची आणि वरची मर्यादा देता येते: फरक खालच्या मर्यादेइतका असेपर्यंत खिडकी पूर्ण, आणि तो वाढत जाईल तशी ती कमी उघडते. किमान किती मिनिटे उघडी किंवा बंद राहावी हेही वापरकर्त्याच्या नियंत्रणाच्या ऑब्जेक्टमध्ये (इनपुटच्या नोंदीत) सांगता येते. टाइमस्टेप तासाला निदान ६ ठेवा.

शेड्यूल लिहिताना पाऊस, चोरीची भीती, रस्त्याचा आवाज यांचा विचार करा. तळमजल्यावर रात्रभर उघड्या खिडक्या दाखवून वाचवलेली ऊर्जा कागदावरच राहते.

पायरी ६: एअरफ्लो नेटवर्क उभारताना

सिम्युलेशन कंट्रोलमध्ये ‘मल्टिझोन विदाउट डिस्ट्रिब्यूशन’ निवडा. हे चालू झाले की आधी भरलेली साधी इन्फिल्ट्रेशन (फटींतून झिरपणारी हवा), व्हेंटिलेशन आणि मिक्सिंगची ऑब्जेक्ट दुर्लक्षित होतात. कोणी मेहनतीने भरलेली झिरप अशी गुपचूप नाहीशी होते. तिच्या जागी भिंतींना फटींचे दुवे द्यावे लागतात. फटीचा प्रवाह दाबाच्या घातात वाढतो, आणि साधारण घातांक ०.६५ धरतात.

नेटवर्कमधल्या प्रत्येक झोनला निदान दोन दुवे हवेत, नाहीतर सॉफ्टवेअर चूक दाखवून थांबते. एकच खिडकी असलेल्या खोलीला आतले दार किंवा भिंतीची फट जोडा.

उघडणीच्या घटकात डिस्चार्ज गुणांक ०.६ च्या आसपास ठेवा. पायरी २ मध्ये क्षेत्रफळ आधीच ०.६ ने गुणून आणले असेल तर इथे ते दुसऱ्यांदा लागेल, आणि प्रवाह असायला हवा त्याच्या ६० टक्क्यांवर येईल. भूमितीचे नुकसान क्षेत्रफळात आणि प्रवाहाचे नुकसान गुणांकात, अशी वाटणी एकदा ठरवून पाळा.

दाबगुणांक सॉफ्टवेअरला काढू दिले तर ते ठोकळ्यासारख्या, मोकळ्या जागेत एकट्या उभ्या असलेल्या इमारतीसाठीच असतात. बुटक्या इमारतींसाठी ते स्वामी आणि चंद्रा यांच्या १९८८ च्या सूत्रावर आधारलेले आहेत. तुमची इमारत इंग्रजी ‘एल’च्या आकाराची असेल किंवा शेजारी तेवढ्याच उंचीच्या इमारती खेटून असतील, तर गुणांक स्वतः भरावे लागतात. तक्त्यातून घेताना ते कोणत्या उंचीवरच्या वाऱ्याशी बांधलेले आहेत ते बघा. छताच्या उंचीचे गुणांक खिडकीच्या उंचीच्या वाऱ्याला लावले की दाब कमी निघतो.

आणखी एक खोच: सरासरी गुणांकांच्या पद्धतीत एका भिंतीवरच्या सगळ्या खिडक्यांना एकच दाब मिळतो. एकाच भिंतीत शेजारी शेजारी दोन खिडक्या असतील तर त्यांच्यात वाऱ्याने काहीच हवा वाहत नाही. प्रत्यक्षात वाऱ्याच्या झोतांमुळे वाहते. अशा खोलीसाठी झोनच्या ऑब्जेक्टमध्ये एकबाजू वाऱ्याची प्रगत गणनापद्धत निवडा, किंवा निकाल जपून धरला आहे हे अहवालात लिहा.

पायरी ७: वर्षभराचे चालवण्यापूर्वी दोन दिवस चालवा

एक वाऱ्याचा दिवस आणि एक पडलेल्या वाऱ्याचा दिवस निवडा. खिडक्या आधी दिवसभर बंद, मग दिवसभर पूर्ण उघड्या ठेवून पाहा. नियंत्रण नंतर लावा. वारा ४ मीटर असलेल्या तासाचा हवाबदल तुमच्या हातच्या २९ किंवा ५.७ च्या आसपास आहे का? निम्मा किंवा दुप्पट असेल तर समजण्यासारखे कारण असू शकते. दहापट असेल तर पुढे जाऊ नका. बहुधा क्षेत्रफळ, टेरेन किंवा दोनदा मोजलेली खिडकी यांपैकी एक सापडेल.

आउटपुट मागताना नाव बघून मागा. एअरफ्लो नेटवर्क चालू असताना खिडकीतून येणारी बाहेरची हवा ‘इन्फिल्ट्रेशन’ या नावाच्या चलांमध्ये मोजली जाते. साध्या व्हेंटिलेशनचे चल मागितले तर ते रिकामे येते, आणि खिडक्या उघडतच नाहीत असा गैरसमज होतो. त्यासोबत प्रत्येक खिडकी किती उघडली तो गुणांक आणि प्रत्येक दुव्याचा दोन्ही दिशांचा प्रवाह घ्या. वाऱ्याची दिशाही ताडून पाहा: फाइलमधला कोन वारा कुठून येतो तो सांगतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. वारा नसलेल्या तासांना दिशा ० लिहिलेली असते, तिला उत्तरेचा वारा समजू नका.

मग संवेदनशीलता. टेरेन एका पायरीने बदला, डिस्चार्ज गुणांक ०.५ आणि ०.७ करून पाहा, खिडकी उघडण्याचे तापमान २४ ऐवजी २६ करा. अहवालात एकच आकडा देण्यापेक्षा या धावांतून आलेला पल्ला द्या. बहुतेक वेळा सर्वांत मोठी उडी तापमानाच्या त्या एका रकान्यामुळे दिसते.

एसी आणि रात्रीची हवा

खिडक्या आणि एसी दोन्ही असतील तर दोघांचे भांडण लावून देऊ नका. मॉडेलला ते समजत नाही. खिडकी उघडी आणि एसी चालू असे ते बिनदिक्कत चालवते, आणि वायुवीजन वाढवले की थंडाव्याची ऊर्जाही वाढलेली दिसते. अशी उलटी वाढ दिसली की आधी इथेच शोधा. हायब्रिड व्हेंटिलेशनचे अव्हेलेबिलिटी मॅनेजर हे ऑब्जेक्ट एका वेळी एकालाच चालू देते. खिडकीचे तापमान आणि एसीचे तापमान यांत निदान दोन अंशांचे अंतर ठेवा. दमट हवेत खिडकीतून बाष्पही आत येते आणि खिडकी मिटल्यावर ते काढण्याचा भार एसीवर पडतो, म्हणून अशा ठिकाणी तापमानाऐवजी एन्थाल्पीवर (हवेतली बाष्पासकट एकूण उष्णता) चालणारे नियंत्रण पाहावे.

झोनचे तापमान एकच असते, हवा पूर्ण मिसळलेली धरलेली असते. त्यामुळे पलंगावर झुळूक लागते का, टेबलावर किती वेगाने वारा येतो, हे या मॉडेलला विचारू नका. त्यासाठी सीएफडी, म्हणजे खोलीतल्या हवेची बिंदूगणिक हालचाल काढणारी गणना, लागते.

रात्री थंड हवा घेऊन भिंती-छत गार करायचा बेत असेल तर जड भाग हवेला उघडे आहेत का ते तपासा. मॉडेलमध्ये फॉल्स सीलिंग दाखवले असेल तर त्यावरच्या काँक्रीटचा उपयोग जवळपास शून्य. आतल्या पृष्ठभागाच्या उष्णता-देवाणघेवाणीचे डिफॉल्ट सूत्र पृष्ठभाग आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर चालते, खिडकीतून किती जोरात हवा येते ते त्याला कळत नाही. म्हणून जोरदार रात्रवाऱ्याचा फायदा थोडा कमीच दिसतो. शिवाय सामानाचे वस्तुमान भरायला विसरू नका. रिकाम्या खोलीचे मॉडेल पहाटे लवकर गार होते आणि दुपारी लवकर तापते.